हात कुणाचा

ज्या माशाला बाजारात कुत्रं विचारत नाही, त्या माशावर हे घर चालत होतं. होडी परतली की चांगली मासळी बर्फात बसून बाजाराला जायची, आणि मागे राहिलेला ढीग घरामागच्या शेडमध्ये यायचा. तुटकी, चिरडलेली, बोटभर, काटेरी, आणि काही तर अशी की ही देवाने कशाला केली असा प्रश्न पडावा. या ढिगाला घरात 'उरलंसुरलं' म्हणत. त्यातलं जरा बरं असेल ते चुलीवर जायचं, टणक असेल ते आमिष म्हणून गळाला लागायचं आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही ते पिंपात. हे वाटे करण्याचं काम थोरल्या सुनेचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते करत होती, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मासा हातात घेताना ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

दुपारी शेडमधल्या लांब टेबलाशी दोघी जावा समोरासमोर बसत. एक लांबलचक दोरी, तिला थोड्याथोड्या अंतरावर बांधलेल्या आखूड दोऱ्या आणि प्रत्येक आखूड दोरीच्या टोकाला एक गळ. प्रत्येक गळाला माशाची एक पट्टी टोचायची आणि दोरी टोपलीत गोल गोल, थरावर थर अशी बसवायची. दुसऱ्या दिवशी होडी पुढे पळत असताना तीच दोरी एकेक वेटोळं सुटत भर्रकन समुद्रात जायची. कुठे अडली तर इंजिन बंद करेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. म्हणून टोपली लावणं हे बायकांचं बसून करायचं काम असलं, तरी घरातले पुरुष त्याला वचकून असत.

पट्टी टोचायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. तिला घरात 'हात' म्हणत. थोरली पट्टी सपाट धरून कातडीकडून एकदाच टोचायची आणि शेपूट लोंबतं सोडायची. धाकटी पट्टीची घडी घालून दोनदा टोचायची, पाकीट बंद केल्यासारखी. सासरा, म्हणजे होडीचा मालक, आता समुद्रावर जात नसे, पण लांबून एक गळ दाखवला तरी हात कुणाचा ते सांगे. होडी आली की त्याचा पहिला प्रश्न तोच असायचा, "आज हात कुणाचा?" जिच्या दोरीला मासे जास्त, तिला जेवताना चार शब्द बरे ऐकायला मिळत. धाकटी घरात येईपर्यंत ते चार शब्द थोरलीचेच होते. तेवढ्यासाठी जीव टाकावा असं त्यात काही नव्हतं. पण ज्या घरात कौतुक तोलूनमापून मिळतं, तिथे माणूस तेवढ्यावरही जगतो.

मग धाकटी आली आणि तिने शेंबड्या शोधून काढला.

शेंबड्या म्हणजे एक लांबट, राखाडी, बुळबुळीत मासा. त्याला नाव कुणी नीट ठेवलं नव्हतं, नावं मात्र सगळ्यांनी ठेवली होती. हातात धरला की बोटांना शेंबडासारखा चीक लोंबायचा, म्हणून शेंबड्या. थोरली इतकी वर्षं तो डोळे मिटून पिंपात टाकत आली होती. धाकटीने एक दिवस पिंपातून काढून त्याची पट्टी कापली आणि गळाला लावून पाहिली. कातडी अशी चिवट की पाण्यात दिवसभर राहिली तरी गळावरून सुटेना, आणि त्या चिकाच्या वासाने मोठे मासे नुसते वेड्यासारखे येऊन धडकू लागले. दोन्ही टोपल्या एकाच होडीत, एकाच पाण्यात जायच्या, पण धाकटीची दोरी भरून यायची आणि थोरलीची अर्धी.

"वहिनी, तुमचे मासे आज रजेवर होते वाटतं!" धाकटा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, होडीवरून उतरता उतरता ओरडायचा. स्वभावाने गमत्या माणूस. बापाची, भावाची, स्वतःचीही टिंगल करायचा, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेत नसे. थोरलीही घेत नव्हती.

मनाला लागलं ते धाकटीचं बोलणं. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना सासऱ्याने पुन्हा धाकटीच्या हाताचं कौतुक केलं, आणि ती लाजून, विषय दुसरीकडे न्यायचा म्हणून म्हणाली, "पण ताईंच्या हातचा भात बघा ना, किती सुरेख होतो! मी गळ सांभाळते, ताई भात सांभाळतील." तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला, आणि सगळ्यांत जास्त तोच हसला. त्या दिवसापासून थोरलीने धाकटीशी अबोला धरला. धाकटीने दोन-चार वेळा बोलून पाहिलं, उत्तर येईना तेव्हा तीही फुरंगटून बसली. मग काय, एकाच टेबलावर दोघी, एकाच ढिगात हात, आणि शब्द नाही. मीठ हवं असलं तरी उठून घ्यायचं, मागायचं नाही.

शेंबड्याची एक खोड होती. त्याचा चीक वाळला की डिंकासारखा घट्ट होतो. एका थरातल्या पट्ट्या दुसऱ्या थरातल्या पट्ट्यांना धरून बसतात, आणि मग दोरी सुटताना एक गळ जायच्या जागी चार-पाच गळांचा गुच्छच उडतो. हे धाकटीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यामुळे शेंबड्या लावला की ती प्रत्येक थरावर ओल्या रद्दीचा कागद पसरायची. दुसरे मासे असले की कागद लागत नसे, वरून ओलं गोणपाट टाकलं की झालं. याबाबतीत ती इतकी काटेकोर होती की शेडमध्ये रद्दी संपली तर घरातून चालू दिवसाचं वर्तमानपत्र उचलून आणायची आणि सासऱ्याची बोलणी खायची.

त्या दुपारी कोरडा, गरम वारा सुटला होता. धाकटीचं डोकं सकाळपासून दुखत होतं, कपाळाला फडकं बांधूनच ती कामाला बसली. उरल्यासुरल्यात शेंबड्या थोडाच होता, म्हणून तिने टोपली साध्या माशांनी सुरू केली. थर लागत गेले, कागदाची गरज नव्हतीच. शेवटी साधे मासे संपले आणि तिने शेंबड्या घेतला. पण हाताला एकदा लागलेली लय तशीच पुढे चालू राहिली. वरचे थर तिने कागदाशिवायच लावले, गोणपाट टाकलं आणि डोकं धरून आपल्या खोलीत जाऊन पडली.

थोरली टेबल धुवायला मागे थांबली होती. पाणी ओतताना तिची नजर जावेच्या टोपलीकडे गेली आणि कशी कुणास ठाऊक, तिने गोणपाट उचलून पाहिलं. घड्या घातलेल्या पट्ट्या ओल्या चकचकत होत्या, थरावर थर, आणि मधे कागदाचा कपटाही नव्हता. तिला काय ते एका नजरेत कळलं. सकाळपर्यंत हे सगळं एकमेकांना चिकटून दगड होणार.

मनात तिने जे चित्र पाहिलं ते असं होतं. उद्या दोरी अडेल, इंजिन बंद करावं लागेल, धाकटा दीर चाकू घेऊन एकेक पट्टी सोडवत बसेल, सकाळ वाया जाईल, आणि घरी आल्यावर सासरा विचारेल, "आज हात कुणाचा?" एकदा, फक्त एकदा, तो प्रश्न रागाने विचारलेला तिला ऐकायचा होता. याहून जास्त तिने काही चिंतलं नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. बरं, सांगायचं म्हटलं तर अबोला मोडावा लागणार, आणि अबोला आधी कुणी मोडायचा हाच तर सगळा वाद होता. तिने गोणपाट होतं तसं नीट झाकलं, टेबल पुसलं आणि भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी होडी वेळेच्या कितीतरी आधी परत आली.

काय झालं ते थोरलीच्या नवऱ्याने धक्क्यावरच सांगितलं, सुकाणूवर तोच होता. दोरी सुटायला लागली न लागली तोच टोपलीतून गळांचा एक गुच्छ उसळला आणि धाकट्याच्या बाहीत रुतला. दोरीच्या टोकाचा दगड आधीच खाली निघाला होता. चाकू धाकट्याच्या कमरेलाच होता, पण हात तिथे पोचायला जो क्षण लागतो तो मिळाला नाही, दोरीने त्याला पाण्यात ओढून नेलं. थोरल्या भावाने होडी फिरवली, दोरी धरली आणि ओढायला लागला. कापून टाकली असती तर भाऊ दगडासोबत तळाला गेला असता, म्हणून ओढतच राहिला. भाऊ वर आला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. "मी ओढत होतो," तो म्हणत होता, "मी थांबलो नाही, मी ओढतच होतो." त्याच्या तळहातांची साल निघाली होती. ते तो सगळ्यांना दाखवत होता, जणू कुणी त्याला खोटं ठरवत होतं.

सगळे धाकट्याला घेऊन घरात गेले. होडीवरच्या गड्याने दोन्ही टोपल्या आणून शेडमध्ये ठेवल्या आणि तोही गेला. थोरली घराच्या दारापर्यंत गेली. आतून धाकटीचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "टोपली कुणाची होती? अहो, कुणीतरी सांगा, टोपली कुणाची होती?" आणि कुणाला ते माहीत नव्हतं. टोपल्या दोन्ही सारख्याच, धाकट्याने घाईत हाताला येईल ती घेतलेली.

थोरली दारातूनच मागे फिरली. शेडमध्ये येऊन तिने कडी लावली. ती टोपली समोरच होती. तो गुच्छ वर तसाच पडला होता, आणि त्यात निळ्या शर्टाचा तुकडा अडकलेला होता. पट्ट्या घडी घातलेल्या, दोनदा टोचलेल्या. सासऱ्याने दारातून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

तिने पहिली पट्टी गळावरून काढली, घडी उलगडली, सपाट केली आणि कातडीकडून एकदाच टोचली. मग दुसरी. गुच्छ झाला, मग टोपलीतले वरचे थर. स्वतःची टोपली तिने आधीच टेबलाखाली सरकवून झाकली होती. चिकटलेल्या पट्ट्या ती नखांनी सोडवत होती, गळ बोटांत शिरत होते, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. हे सगळं ती धाकटीसाठी करत होती. आपल्याच हाताने नवरा गेला हे त्या पोरीला कळलं तर ती जगणार नाही, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं. पण त्या दयेच्या खाली भीतीही होती. हात धाकटीचा निघाला तर कुणीतरी विचारेल, शेडमध्ये शेवटी कोण होतं? तुझ्या नजरेला पडलं नाही का? दया किती आणि भीती किती, याचा निवाडा तिला तेव्हा करता आला नाही आणि पुढेही कधी करता आला नाही.

संध्याकाळी सासरा शेडमध्ये आला. एका दिवसात म्हातारा झाला होता. टोपलीपाशी उभा राहिला, गुच्छ हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"हात कुणाचा?"

"माझा," थोरली म्हणाली.

"शेंबड्या तू कधीपासून लावायला लागलीस?"

"कालच. म्हटलं, आपणही बघावं."

"आणि कागद?"

"मला ठाऊक नव्हतं."

म्हाताऱ्याने गुच्छ खाली ठेवला. "मासा काय करणार," तो म्हणाला, "चूक हाताची." आणि दारातून बाहेर जाता जाता, तिच्याकडे न बघता, "सूनबाई, यापुढे गळाला हात लावायचा नाही."

त्यानंतर घर चालू राहिलं, घरं चालूच राहतात. धाकट्याच्या जागी एक पगारी माणूस आला. शेडमध्ये दोन्ही टोपल्या धाकटी लावू लागली, शेंबड्याच्या पट्ट्यांनी, प्रत्येक थरावर कागद पसरून. थोरली टेबलाच्या टोकाला बसून फक्त वाटे करायची आणि पट्ट्या कापून पुढे सरकवायची. शेजारपाजारच्या बायका तिच्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. तिचा नवरा तिला एक शब्दही वाकडा बोलला नाही, पण तिच्या हातचं जेवेना. भात धाकटीने वाढला तर खायचा. थोरलीने वाढलं तर "भूक नाही" म्हणून उठायचा. शेवटी तिने वाढणंच सोडलं, आणि मग रांधणंही. पूर्वी एकदा ती ज्या वाक्यावरून रुसली होती, तेवढंही आता तिच्याकडे राहिलं नव्हतं.

धाकटीने तिला काहीच विचारलं नाही. रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत, अंगावर धावून आली नाही. थोरलीला वाटायचं, एकदा काय ते बोलून टाकावं हिने, नाहीतर तोंडात मारावी. पण धाकटी खाली मान घालून घड्या घालायची, टोचायची, कागद पसरायची. जुना अबोला तसाच पुढे चालू राहिला, फक्त आता तो रुसव्याचा नव्हता. आणि थोरली त्यातच समाधान मानायची. हिला माहीत नाही ना, मग पुरे. सगळ्या घराने मला बोल लावला तरी चालेल, हिला माहीत नाही.

असे काही महिने गेले. एका दुपारी पुन्हा तसाच कोरडा वारा सुटला. थोरली पट्ट्या कापत होती आणि सवयीने, मान वर न करता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून टोपलीकडे बघत होती. रोज बघायची. एक थर लागला. धाकटीने कागद घेतला नाही. दुसरा थर लागला. कागदाचा गठ्ठा तिच्या कोपराशीच होता, भिजवून ठेवलेला. तिसरा थर लागला.

थोरलीच्या हातातली सुरी थांबली. उद्या सकाळी ती टोपली तिच्या नवऱ्याच्या पायाशी असणार होती. बोलावं तर ही विचारेल, तुम्हाला कसं ठाऊक? 'मला ठाऊक नव्हतं' हे तर तिने स्वतःच्या तोंडाने सासऱ्याला सांगितलं होतं. आता ठाऊक आहे म्हणावं, सगळ्या गावाला ठाऊक झालंय म्हणावं. पण तिची जीभ टाळूला चिकटली होती, कारण इतक्या दिवसांनी ती उचलायची म्हणजे नेमकं काय काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता. चौथा थर लागला. धाकटीने हात पुसले आणि गोणपाट उचललं.

"कागद," थोरली म्हणाली. "अगं, कागद राहिला."

धाकटी गोणपाट हातात धरून उभी राहिली. दचकली नाही. जणू ती वाटच बघत होती.

"आज बोललात," ती म्हणाली.

"अगं, राहिलाय ना कागद. माणूस विसरतो, म्हणून म्हटलं—"

"मी विसरले नाही. मुद्दाम नाही घातला." तिने गोणपाट शांतपणे टेबलावर ठेवलं. "म्हटलं, बघू या, बोलता का. भावोजी जाणार ना उद्या. त्यांच्यासाठी बोललात."

थोरलीने सुरी खाली ठेवली.

"ताई, माझी टोपली मला ओळखू येणार नाही का हो? माझी दोरी, माझ्या गाठी, आणि पट्ट्या तेवढ्या तुमच्या. मी तेव्हाच शेडमध्ये येऊन बघितलं होतं, सगळे त्यांना स्मशानात घेऊन गेले त्यानंतर."

"मग तुला माहीत आहे."

"पहिल्या दिवसापासून."

"अगं, मी तुझ्यासाठीच केलं ते. तुला सोसलं नसतं."

"सोसलंच की." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आदल्या दिवशी मी खोलीत पडले होते, पण झोप नव्हती लागली. मधेच आठवलं, वरच्या थरांना कागद नाही घातला. तशी उठले. सगळी टोपली उपसून पुन्हा लावायची म्हणून पायात चपलाही घातल्या. खिडकीतून बघते तर तुम्ही गोणपाट उचलून आत बघताय. चांगलं वाकून बघितलंत. मग पुन्हा नीट झाकलंत आणि टेबल पुसायला लागलात. मी म्हटलं, ताईंनी बघितलं ना, मग ठीक असेल. काही राहिलं असतं तर त्या बोलल्या असत्या. आमचा अबोला आमच्यापुरता, ह्यांच्या जिवाशी त्याचा काय संबंध? चपला काढल्या आणि झोपले. छान झोप लागली मला."

बाहेर पिंपावर पक्षी भांडत होते. मग थोरलीच्या तोंडून जे निघालं ते तिला स्वतःलाही लाजिरवाणं वाटलं.

"मग इतके दिवस गप्प का राहिलीस? सगळं घर मला दोष देतंय. तुझे भावोजी माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. मी नव्हतं केलं, हे तुला माहीत होतं. तू एका शब्दाने सांगू शकली असतीस की मी खोटं बोलले."

धाकटीने टोपलीतला वरचा थर उचलून टेबलावर घेतला, मग दुसरा. गळ एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती ते सावकाश मांडत होती.

"मामंजींनी विचारलं, हात कुणाचा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, माझा. त्यात खोटं काय होतं, ताई?"

आणि तिने कागदासाठी हात पुढे केला.